शब्दचर्चा : नवखा, नवशिका की उमेदवार? आणि 'हात बसणे' म्हणजे नेमकं काय?

बडोद्यातल्या अकोट्याहून (मूळ प्रश्न)

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी साडेसहाला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना लागतो. भाचा आणि खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र चहा निवेपर्यंत भांडत बसतात. विषय एकच, यंदा संघात आलेला पोरगेला गार्ड. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा शब्दांवरून खेळाडूवर जाईल. पास सुरेख देतो, पायांत वेग आहे, पण लांबून मारलेला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येतो.

भाचा म्हणतो, "नवशिका आहे तो. नेमच नाही त्याला." मित्र गुजराती घरातला, पण मराठी आमच्याइतकंच सहज बोलतो. तो म्हणतो, "नवखा म्हण. हात बसायचाय अजून."

आधी वाटलं, दोघं एकच बोलतायत. मग लक्षात आलं की भांडणाचा सगळा जीव या शब्दांतच आहे. तेव्हा विचारतो : रूकीला, म्हणजे पहिल्याच हंगामातल्या खेळाडूला मराठीत काय म्हणावं? आणि नेम नसणं आणि हात न बसणं यांत फरक काय?

वाडीहून

दादा, तुमच्या भाच्याचा शब्द चुकला. नवखा तो, ज्याला जागा नवी आहे. गावात नवखा, कचेरीत नवखा. नवशिका तो, ज्याला विद्याच नवी आहे. नवशिक्या हाताची पोळी कुठे जाड कुठे पातळ होते, पण वीस वर्षं पोळ्या लाटलेली बाई दुसऱ्याच्या ओट्यावर गेली तर ती नवशिकी होत नाही, नवखी होते. लाटणं वेगळं, आच वेगळी, पहिल्या दोन पोळ्या करपतात, एवढंच. हा मुलगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून चेंडू खेळवत असणार. त्याला नवशिका म्हणणं अन्यायाचं आहे. गुजरातीतला 'शिखाउ'ही इथे नको, तो आपल्या शिकाऊचाच भाऊ.

जाता जाता : माझ्या वडिलांना 'गार्ड' म्हटलं की बडोदा स्टेशनवरचा हिरवा झेंडाच आठवतो. रेल्वेने 2022 मध्ये गार्डचं 'ट्रेन मॅनेजर' केलं, ते त्यांना अजून पटलेलं नाही. बास्केटबॉलमधला गार्डही मूळचा राखणदारच. सुरुवातीच्या काळात तो मागे थांबून आपली बास्केट राखायचा. आता तोच चेंडू पुढे आणतो, पण नाव राहिलं.

दांडिया बाजारातून

ताईंचं नवखा-नवशिका अगदी बरोबर. मी 'नेम' आणि 'हात' यांवर लिहितो.

नेम धरणे, साधणे, चुकणे यांतला नेम म्हणजे लक्ष्यावरची नजर. नेमधर्म, नेमाने देवळात जाणं यांतला नेम म्हणजे नियम. आणि 'पावसाचा काही नेम नाही' म्हणतो तेव्हा तो भरवसा. गुजरातीत नेम म्हणजे उद्देश, तोही याच अंगणातला. आता 'त्याच्या शॉटचा नेम नाही' हे वाक्य घ्या. भाचा ते पहिल्या अर्थाने बोलतोय, मला ते तिसऱ्या अर्थाने खरं वाटतं. रिंग दहा फूट उंचीवर आहे, हलत नाही, मुलाला ती दिसतेही. नजर चुकत नाहीये, चेंडू नेमाने जात नाहीये. आणि नेमाने न जाण्याचं कारण हातात असतं.

लहानपणी मी तबला शिकत होतो. 'ना' वाजवायला सोपा दिसतो. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेला हलकी टेकवायची आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे बाहेरच्या किनारीवर मारायची. दोन महिने माझा नुसता 'ठप्प' वाजायचा. बोल पाठ होते, कानाला चूक कळत होती, पण अनामिका एक तर दाबली जायची नाहीतर उचलली जायची. गुरुजी काही न बोलता माझं बोट धरून पुन्हा जागेवर ठेवायचे. एका संध्याकाळी मी गप्पा मारता मारता वाजवत होतो आणि 'ना' खणखणीत उमटला. बोटाकडे माझं लक्षही नव्हतं. गुरुजी म्हणाले, "बसला हात. आता तयारीला लाग." हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात बसतो, मग हात तयार होतो. नव्या खेळाडूच्या 'डेव्हलपमेंट'ला लोक सरसकट विकास म्हणतात, मला ते धरणाच्या आणि रस्त्यांच्या बातमीसारखं वाटतं. आपल्याकडे 'हात बसणे' आणि 'तयारी' ही दोन पावलं आधीपासून वेगळी आहेत. गुजरातीतही 'हाथ बेसी गयो' म्हणतात, हातोटीला हथोटी म्हणतात. त्या मित्राला हा शब्द घरातूनच मिळाला असेल.

याला धरून एक खरं उदाहरण, लोन्झो बॉलचं. एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्या 2017 च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर लेकर्स संघाने त्याला घेतलं. उजव्या हाताचा खेळाडू, पण चेंडू डोक्याच्या डाव्या बाजूने आडवा आणून मारायचा. पहिल्या हंगामात तीन गुणांच्या, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या फेकींपैकी 30.5 टक्के पडल्या आणि फ्री थ्रोचे, म्हणजे कोणी अडवत नसताना मारायच्या फेकींचे जेमतेम 45.1 टक्के. त्याच हंगामात सामन्यामागे 7.2 असिस्ट, म्हणजे साथीदाराची बास्केट करून देणारे पास होते, म्हणजे नजर तीक्ष्णच होती. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या संघात गेल्यावर त्याने फेकीची ठेवणच बदलली, चेंडू उजवीकडून सरळ वर नेऊ लागला. 2020-21 मध्ये तीन गुणांचे 37.8 आणि फ्री थ्रोचे 78.1 टक्के झाले. डोळे तेच होते, हात बसला.

आता रूकी. माझं मत 'उमेदवार' या शब्दाला. आज तो निवडणुकीत अडकलाय, पण जुन्या कचेऱ्यांत नोकरीच्या उमेदीवर बिनपगारी काम करून हाताखाली तयार होणारा तो उमेदवार. 'त्यांनी दोन वर्षं उमेदवारी केली' असं आमचे आजोबा सहज म्हणत. या शब्दात उमेद आहे, कष्ट आहेत आणि मुदतही आहे. याच बडोद्यात 1931 साली सयाजीराव महाराजांनी आठ भाषांचा 'शासनशब्दकल्पतरु' करवून घेतला. शेजारच्या भाषांत डोकावून शब्द निवडायची सवय आपल्या गावाला जुनी आहे, ती खेळाच्या शब्दांतही चालवू या.

रावपुऱ्यातून

काका, तुमचं लिहिणं मनापासून आवडलं, तरी दोन ठिकाणी अडतो. मी बरीच वर्षं संध्याकाळी मुलांना खेळवतो, त्यातून लिहितो.

एक, 'उमेदवार' बिनपगारी होता. एनबीएतल्या रूकीला पहिल्या दिवसापासून कोट्यवधी मिळतात, आणि त्याची उमेदवारी कॉलेजात होऊन गेलेली असते. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातल्या पोराला शिकाऊ उमेदवार म्हणतात, तिथे तो शब्द शोभतो. त्याच्या पहिल्या वर्षाला मात्र 'उमेदवारीचं वर्ष' म्हणायला माझी हरकत नाही, कारण तिथे पगार डोळ्यापुढे येत नाही. खेळाडूला नवखाच म्हणावं.

दोन, 'हात बसायचाय' ही ढाल होऊ नये. माझ्याकडे येणारा प्रत्येक पालक हेच म्हणतो. मी मुलाला फ्री थ्रोच्या रेषेवर उभा करतो. पंधरा फूट अंतर, अंगावर कोणी नाही, घाई नाही. तिथे कोपर बाहेर फाकलं आणि चेंडू बोटांच्या पेरांवर न राहता तळव्यात रुतला, की मला कळतं, हात बसलेला नाही. तिथे दहांतले आठ पडत असतील आणि लांबून पडत नसतील, तर हात बसलेला आहे, अंतर नवखं आहे. लोन्झो कॉलेजात तीन गुणांचे 41.2 टक्के मारत होता म्हणून सगळे निर्धास्त होते. पण तिथली रेषा तेव्हा 6.32 मीटरवर होती, एनबीएची समोरून 7.24 वर. आणि कॉलेजातले त्याचे फ्री थ्रो 67.3 टक्केच होते. खूण तिथेच दिसत होती. तुमच्या गार्डचे फ्री थ्रो बघा, मग शब्द ठरवा.

शिवाय नवखेपण आणि हात यांचा एकमेकांशी संबंध नाही. स्टीफन करी 2009-10 मध्ये अगदी नवखा होता आणि तीन गुणांचे 43.7 टक्के मारत होता. हात घरूनच बसवून आणलेला, वडील डेल करी स्वतः नेमबाज. उलट जेसन किड 1994-95 मध्ये 27.2 टक्क्यांवर होता, तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा म्हणून ग्रँट हिलसोबत त्यालाच निवडलं. जंप शॉटला, म्हणजे उडी मारून केलेल्या फेकीला तिकडे नुसतं 'जे' म्हणतात. किडकडे 'जे' नाही म्हणून लोक त्याला जेसनऐवजी 'एसन' म्हणायचे. तोच किड 2013 मध्ये निवृत्त झाला तेव्हा तीन गुणांच्या एकूण 1,988 बास्केट्ससह एनबीएच्या तोवरच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होता. त्याला मी 'मुरलेला' म्हणेन. लोणच्यासारखाच, वेळ घेऊन.

अकोट्याहून

सगळ्यांचे आभार. काल दोघांना फ्री थ्रोचे आकडे काढायला लावले. ऐंशीच्या वर निघाले. भाचा थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "नवखा. बरं."

पण मित्राने नवा पेच टाकला, तो इथे मांडतो. मार्केल फुल्ट्झ 2017 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. कॉलेजात तीन गुणांचे चाळीसच्या वर टक्के होते. आला आणि शॉटच हरवला, पहिल्या हंगामात जेमतेम 14 सामने खेळला. डिसेंबर 2018 मध्ये निदान झालं, खांद्यापाशी नसा दाबल्या जात होत्या. याला काय म्हणायचं? हात बसला नव्हता असं नाही. 'हात सुटला' म्हणावं तर मराठीत कुणाला मारल्यासारखं वाटतं. माझ्या आईने स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "बसलेली घडी विस्कटली, म्हणा."

मला ते चपखल वाटतंय. दांडिया बाजारच्या काकांना विचारायचं आहे, तबल्यात अशा वेळी काय म्हणतात?