रीसेट दाबण्याआधी

नेट मंदावलं की टाचणीने राउटरचं रीसेट बटण दाबा, असा सल्ला कुणी दिला तर कृपया लगेच अमलात आणू नका. आधी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. बहुतेकदा तेवढं पुरतं. रीसेटने सगळी सेटिंग्ज पुसली जातात. जोडणी पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारी) असेल तर नेटवाल्याने दिलेलं युजरनेम-पासवर्डही जातं, आणि रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात तो माणूस सापडणं अवघड! दोन्ही आधी वहीत लिहून ठेवा.

फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मात्र जरूर करा, सुरक्षेतल्या त्रुटी त्यानेच बुजतात. फाइल कंपनीच्याच साइटवरून, आपल्याच मॉडेलची आणि हार्डवेअर व्हर्जनची घ्या. मध्येच लाइट गेली तर राउटर निकामी होऊ शकतो. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर जोडूनच करा.