स्लालम स्कीचं माप: आज चालवता त्या वेगाचं, की उद्या चालवाल त्या?

पेपिनकाठ (मिनेसोटा)
राल्फ सॅम्युएलसनने 1922 साली ज्या लेक पेपिनवर पाइनच्या दोन फळ्या पायांना बांधून वॉटरस्कीइंगची सुरुवात केली, ते आमच्यापासून तासाभरावर आहे. इथे स्की न करणारा शेजारी शोधावा लागतो, आणि सल्ले भरपूर मिळतात. एका स्कीवर दोन उन्हाळे काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: नव्याने स्लालम, म्हणजे बोटीमागे दोर धरून दोन्ही पायांनी एकाच स्कीवर चालवणं, शिकणाऱ्याने मोठी आणि रुंद स्कीच घ्यावी.

गेल्या वर्षी दुकानात मला फक्त वजन विचारलं. 84 किलो म्हटल्यावर 67 इंच लांब, अरुंद, स्पर्धेची स्की हातात दिली. बोट किती वेगाने चालवता, हे कुणी विचारलं नाही. मी ताशी 45 किमीला शिकतोय. तीन-तीन प्रयत्नांनी पाण्यातून उठायचो, दंड भरून यायचे. वळणात स्की खाली बसायची, दोर सैल पडायचा आणि मग एकदम हिसका. ऑगस्टमध्ये शेजाऱ्याची 69 इंची रुंद स्की घेतली आणि पहिल्याच ओढीत उभा राहिलो.

कारण सरळ आहे. पाणी स्कीला वर ढकलतं तो जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 55 किमीला मिळतो त्याच्या दोन तृतीयांशच जोर 45 ला मिळतो. ही तूट फळीच्या क्षेत्रफळानेच भरून निघते. आणि पहिलं वर्षभर फिनला (स्कीच्या शेपटीखालच्या उभ्या पात्याला) हात लावू नका, कंपनीने दिलेली मापं राहू द्या.

सहा_गोळे (फ्लोरिडा)
असहमत. मी दहा वर्षं कोर्समध्ये, म्हणजे तरंगते गोळे लावून आखलेल्या स्पर्धेच्या मार्गात, स्की करतोय. 259 मीटर लांबीत सहा गोळे, प्रत्येक मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर बाहेर. तिथे पोचायचं तर स्की कडेवर झुकवता आली पाहिजे, आणि रुंद स्की झुकायला वेळ लावते. त्याहून वाईट म्हणजे ती चुका लपवते. मागच्या पायावर बसून राहिलात तरी ती तुम्हाला वाहून नेते, आणि ती सवय अंगात मुरते. मी 69 वर तीन वर्षं काढली. 67 वर आलो तेव्हा वजन पुढच्या पायावर आणायलाच अख्खा मोसम गेला.

तुमच्याच हिशेबाने बघा. 45 वरून 50 वर गेलात तर जोर जवळजवळ पावपट वाढतो. बोट थोडी पळवा, नवी फळी कशाला?

पेपिनकाठ
हिशेब बरोबर आहे, पण 50 ला पडणंही जास्त लागतं. वळण जमत नसलेल्या माणसाला वेग वाढव म्हणणं मला पटत नाही. शिवाय तुमच्याकडे बारा महिने पाणी. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, तेही शनिवार-रविवार. त्यातले निम्मे दिवस उठण्याच्या धडपडीत घालवले तर मागच्या पायाची सवय सुधारणार कधी? जो उभाच राहत नाही त्याला कसली सवय लागणार?

उर्मी_ऑस्टिन
दोघंही ऐंशी किलोच्या पुरुषाचाच विचार करताय. माझं वजन 56. ‘मोठी स्की माफ करते’ असं सांगून मला दोन वर्षं नवऱ्याच्या 69 वर उभं केलं. उठायचे मी लगेच, ते खरं. पण पुढे काहीच होईना. कितीही झुकलं तरी ती सपाटच पळायची, आणि बोटीची लाट ओलांडताना उसळून मला हवेत फेकायची. मला वाटायचं माझ्यातच ताकद नाही. मग 65 ची, मध्यम रुंदीची घेतली आणि पहिल्याच दिवशी डाव्या वळणात पाण्याचा पडदा उडाला. त्या दिवशी किनाऱ्यावर येऊन मी रडले. म्हणून कुणीही सरसकट ‘मोठीच घ्या’ म्हणू नये. कंपन्यांच्या तक्त्यात वजन आणि वेग असे दोन्ही रकाने असतात, दोन्ही बघा.

आणि नुसते इंच फसवतात. एकाच कंपनीची 67 रुंद आणि 67 अरुंद या पाण्यात दोन वेगळ्या चिजा आहेत. पेपिनकाठ, तुम्हाला लांबी उपयोगी पडली की रुंदी, हे तुम्ही तपासलंच नाहीत.

पेपिनकाठ
नाही तपासलं. मुद्दा मान्य. ‘मोठी’ऐवजी ‘आजच्या वेगाला आणि वजनाला पुरेल इतक्या क्षेत्रफळाची’ असं म्हणायला हवं होतं. रुंद 67 मिळाली तर ती आधी चालवून बघेन.

जुना_दोर
मापावरून इतकं चाललंय, पण घोटा जातो तो बाइंडिंगमुळे, म्हणजे स्कीवर पाय धरून ठेवणाऱ्या बुटा-पट्ट्यामुळे. माझ्या मित्राने पुढे जाऊन उपयोगी पडेल म्हणून एक नंबर सैल बूट घेतला. पडताना मागचा पाय सुटला, पुढचा अर्धवट अडकला, आणि सहा आठवडे प्लास्टर. बूट घट्टच हवा, पाण्यात भिजल्यावरही. नवशिक्याने पुढे बूट आणि मागे फक्त पंजाचा पट्टा ठेवावा. उठताना मागचा पाय बाहेर सुकाणूसारखा ठेवता येतो.

पुढचा पाय कोणता, हेही पाठीमागून धक्का देऊन, कोणता पाय आधी पुढे पडतो ते बघून ठरवू नका. दोन स्कींवर चालू बोटीमागे एकेक पाय उचलून बघा. ज्यावर निवांत तोल राहतो तो पुढे.

सहा_गोळे
पायाच्या परीक्षेबद्दल शंभर टक्के सहमत. पट्ट्याबद्दल नाही. एक पाय सुटून दुसरा अडकणं हाच धोका असेल, तर पट्ट्यात तो जास्त नाही का? मी दोन बूट वापरतो, दोन्ही सारखे घट्ट.

आणि फिनला हात लावू नका, हा सल्ला जुन्या स्कीला लागूच होत नाही. वापरलेली स्की घेतली की आधीच्या मालकाने फिन कुठे सरकवली असेल, सांगता येत नाही. इथे इंचाच्या हजाराव्या भागाने फरक पडतो. कॅलिपरने खोली, लांबी आणि शेपटीपासूनचं अंतर मोजा, कंपनीच्या आकड्यांवर आणा, लिहून ठेवा. त्यानंतर बदल करायचा तर एका वेळी एकच. वळणात टोक पाणी धरत नसेल तर फिनच्या आधी बाइंडिंग एक भोक पुढे घेऊन बघा.

पेपिनकाठ
शेजाऱ्याची स्की वापरलेलीच आहे. त्याने फिन कधी मोजली नाही, मीही नाही. आज कॅलिपर मागवलं. 45 ला विंग (फिनवरचं छोटं आडवं पातं) काढून टाकू का?

सहा_गोळे
काढा. विंग गोळ्याच्या आधी वेग मारते, आणि तुमच्याकडे मारण्याजोगा वेगच नाही. पण जूनमध्ये एकदा तुमची 67 घेऊन 48 ला दोन फेऱ्या मारा. ती विकायचा विचार असेल तर त्याआधी एवढं कराच.

उर्मी_ऑस्टिन
आणि ती नकोच ठरली तर बायकोला किंवा मुलीला ‘असू दे तुला’ म्हणून देऊ नका. त्यांचं वजन आणि वेग विचारून त्यांच्यासाठी वेगळी घ्या.