दम्याचा पंप सुरू करण्याआधी मुलांची जनुकं तपासावीत का?

गोरेगावची आई
माझ्या दोन्ही मुलांना बाळदमा. थोरल्याला कमी डोसच्या फ्लुटिकासोनवर (पंपातून ओढायचं स्टेरॉइड) तीन महिन्यांत आराम पडला. धाकटी नऊ वर्षांची. तेच औषध, तोच स्पेसर (पंपाला जोडायची नळी), देणारी मीच. तरी जुलैत भिंतींना ओल आली की ही पोर रात्र बसून काढते. डोस दोनदा वाढवला.

हे औषध शरीरात सीवायपी३ए४ या एन्झाइममुळे मोडतं. अमेरिकेतल्या युटामध्ये २०१३ साली मुलांवर अभ्यास झाला. फ्लुटिकासोन घेणाऱ्यांपैकी ज्यांच्यात हे एन्झाइम जनुकातल्या फरकामुळे जन्मतः मंद होतं, त्यांचा दमा जास्त आटोक्यात होता. म्हणजे फरक असतो. मग सगळ्यांना एकाच मापाने औषध का? आधी तपासा.

दादरचा बालरोगतज्ज्ञ
ताई, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे. तो मंद प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांतही थोड्यांतच सापडतो, आपल्याकडे त्याहून विरळा. शंभर मुलं तपासली तर जवळपास सगळ्यांचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येईल. आईबापांचे पैसे जातील, डोस तोच राहील.

माझ्याकडे ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून आलेल्या मुलांना मी आधी समोर पंप घ्यायला लावतो. कोणी तो हलवतच नाही, कोणाचा मास्क गालाला नीट टेकत नाही, कोणी बरं वाटताच आठवड्यात बंद केलेला असतो. शिवाय खिडकीत कबुतरं, रात्रभर डासांची कॉइल. हे सोडून जनुकांकडे धावायचं?

गोरेगावची आई
पंप घेण्याची पद्धत दोन डॉक्टरांनी पाहिली, बरोबर आहे. कॉइल कधीच बंद केली. एवढं करूनही ज्यांना आराम नाही, त्या मुलांचं काय, ते सांगा.

ठाण्याचा फार्मासिस्ट
दोघांचंही थोडं पटतं. मुलांना थिओफायलिन हे दम्याचं जुनं औषध सर्रास दिलं जायचं ते दिवस आठवा. सारख्या वजनाच्या दोन मुलांना सारखा डोस दिला तरी एकाच्या रक्तात औषध साचायचं, उलट्या, धडधड, कधी झटके. ते मोडणारं एन्झाइम, सीवायपी१ए२, प्रत्येकात वेगळ्या वेगाने चालतं. नुसता ताप आला किंवा सोबत एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तरी पातळी चढते. तेव्हा जनुकं कोणी तपासली नाहीत, रक्तातली पातळी मोजली. जनुक जन्मभर तेच, ताप आजचा. मला आजचा आकडा जास्त कामाचा वाटतो.

डोंबिवलीचा बाबा
पण पंपाच्या औषधाची रक्तातली पातळी मोजून फुप्फुसातलं काय कळणार? तिथे तुमचा उपाय चालत नाही. ब्रिटनमध्ये १२ ते १८ वयाच्या २४१ मुलांना वर्षभर जनुक पाहून औषध दिलं, निकाल २०२१ साली आला. तिथे औषध मोडण्याचं नव्हे, ते पेशीवर जिथे चिकटतं त्या जागेचं, म्हणजे रिसेप्टरचं जनुक तपासलं होतं. त्या जनुकाचा ठरावीक प्रकार असलेल्या मुलांना श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सॅल्मेटेरॉलऐवजी मॉन्टेल्युकास्ट ही दम्याची गोळी दिली.

दादरचा बालरोगतज्ज्ञ
आणि फायदा अगदी किरकोळ निघाला, तेही लिहा. मॉन्टेल्युकास्टने काही मुलांच्या झोपेवर, मनावर परिणाम होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

डोंबिवलीचा बाबा
सरासरी किरकोळ, मान्य. ज्यांच्याकडे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती त्या ठरावीक प्रकारच्या होत्या, त्यांच्यात फायदा जास्त दिसला.

गोरेगावची आई
डॉक्टर, आपल्याकडे तो प्रकार विरळा म्हणता, मग आपल्या मुलांत कोणते प्रकार आहेत ते आपणच शोधायला हवं ना? जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम (सगळी जनुकं) वाचून झाले. आता दम्याची पोरं घ्या. सगळ्यांची तपासणी नको, हा मुद्दा मी सोडते. पण तिसऱ्यांदा डोस वाढवण्याआधी माझ्या मुलीची तपासणी मी मागणार.