गोव्यातली एलएलबी, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर: सनद घेऊन जावं की तशीच जाऊ?

साखळीची लेक:
मिरामारच्या लॉ कॉलेजात बीए एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामा स्विंडनला असतात. ते म्हणतात, निकाल लागला की लगेच ये, परीक्षा इथूनच दे. बाबा म्हणतात, आधी इथली वकिलीची सनद. एसक्यूईला, म्हणजे तिकडे सॉलिसिटर होण्यासाठीच्या परीक्षेला, बसायला सनद लागत नाही, असं वाचलंय. मग थांबायचं कशाला? आणि तिकडे एलएलबी पुन्हा करावी लागते का?

फोंडेकर, लंडन:
एलएलबी पुन्हा नको, आपली पदवी चालते. पण बाबांचं ऐक.

परीक्षेला सनद लागत नाही हे खरं. मात्र नुसत्या पदवीवर आलेल्याला परीक्षेशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, फार तर चार ठिकाणचा, आणि तो इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने प्रमाणित करायला हवा. आधीच वकील असलेल्याला ही अट नाही. परीक्षेचे दोन्ही टप्पे पार केलेली, पण पॅरालीगलची (वकिलाच्या मदतनिसाची) नोकरी मिळेना म्हणून अडकलेली आपली मुलं मी इथे पाहते. व्हिसाची मुदत संपत आलेली असते. फार वाईट वाटतं गं. दोन्ही टप्प्यांची फी मिळून साडेचार हजार पौंडांच्या वर जाते, म्हणून आधीच सांगते.

अभ्यासाचं म्हणशील तर पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्न. आपल्याला ओळखीचे वाटणारे विषयच जास्त दगा देतात. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कन्सिडरेशन, म्हणजे कराराचा मोबदला, तिसऱ्या माणसाकडून आलं तरी चालतं, इथे चालत नाही. वारसाहक्काचं तर पूर्ण उलटं. गोव्यात मुलांचा अर्धा वाटा राखीव, मृत्युपत्राने त्याला हात लावता येत नाही. इथे बाप सगळी इस्टेट परक्याच्या नावे करू शकतो, मुलांनी फार तर १९७५ च्या कायद्याखाली कोर्टात दाद मागायची. ट्रस्टचा विषय मात्र आपल्या नोट्स बाजूला ठेवून अगदी पहिल्यापासून वाच.

मडगावची वकील:
सनदेचा खर्च आता मोठा नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून खुल्या गटाला नोंदणी शुल्क ७५० रुपयांहून जास्त लावता येत नाही. नोंदणीनंतर एआयबीई, ही वकिलांची अखिल भारतीय परीक्षा, दोन वर्षांत काढायची असते, ती इथे असतानाच काढून टाक. जमलं तर एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे इन्व्हेंटरीची, म्हणजे वारशाच्या वाटणीची, प्रकरणं हाताळ. स्विंडनमध्ये स्थायिक झालेल्या कितीतरी गोंयकारांच्या घरांचे, भाटांचे (बागायतींचे) वाटे इथे अजून व्हायचे आहेत. दोन्हीकडचा कायदा जाणणाऱ्या माणसाची त्यांना खरी गरज आहे.

साखळीची लेक:
मनापासून आभार, ताई. बाबांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. एक राहिलं. वकील असलं की एसक्यूईचा दुसरा टप्पा माफ होतो का? आणि पहिला इथूनच देता येईल?

फोंडेकर, लंडन:
माफी आपोआप नाही, अर्ज करावा लागतो. तुझी पात्रता आणि अनुभव पाहून ठरवतात, म्हणूनही मडगावच्या ताई सांगतात ते काम कर. पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावर देता येतो, आणि तो पास झाल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. दुसऱ्यातल्या तोंडी चाचण्यांसाठी मात्र इंग्लंड किंवा वेल्समध्ये यावंच लागतं. तेवढ्या प्रवासाचे पैसे वेगळे काढून ठेव.