सान्तियागोला चाललोय (चिलीचं नाही!), दोन रविवार मोकळे आहेत, काय बघू?

तापीकाठचा_भुसावळकर

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा, ठिबकच्या लाइनमध्ये आहे, डिझाइन करतो. पुढच्या महिन्यात कामानिमित्त बारा दिवस डोमिनिकन रिपब्लिकला चाललोय, तिकडे केळीच्या बागांचं काम आहे आणि मुक्काम सान्तियागो दे लोस काबायेरोस नावाच्या शहरात. घरी सांगितलं तर वडील म्हणे चिली ना, मी म्हटलं नाही, तर शेजारचे काका म्हणे मग क्युबा. तेही नाही! गंमत म्हणजे तिकीटवाल्यानेही चिलीच्याच सान्तियागोचं तिकीट काढून ठेवलं होतं, मधला स्टॉप ब्राझीलमध्ये दिसला म्हणून मी नकाशा उघडला, नाहीतर थेट अँडीज पर्वतात उतरलो असतो. कॅन्सलेशनचे पैसे कोणी भरायचे यावर अजून वाद चालूच आहे, असो.

तर नकाशात बघितलं तर हे शहर बेटाच्या मध्येच, समुद्र कुठेच नाही, दोन्हीकडे डोंगर. कॅरिबियन म्हटलं की आपल्या डोक्यात नारळ आणि बीच येतो, इथे तसं काही दिसत नाही. दोन रविवार हातात आहेत. बीचवर जायला सगळे सांगतायत पण मला शहरच बघायचंय, नेमकं काय आहे तिथे? मी शाकाहारी आहे, तेही सांगा. कोणी गेलंय का?

सावद्याची_लेक

भाऊ मी अडीच वर्षं राहून आलेय तिथे, नवऱ्याच्या नोकरीमुळे. वाचून एकदम तिकडचा बाजारच डोळ्यासमोर आला.

पहिल्यांदा एक सांगते, तुला तिथे परकं वाटणार नाही. मी गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात खूप रडले, भाषा येत नाही, कोणी ओळखीचं नाही, आणि मग एका संध्याकाळी मॉन्युमेंटवर, म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या स्मारकावर गेलो आणि वरून बघितलं तर मी नवऱ्याला म्हटलं अहो हे तर आपलं खान्देश आहे. खोटं नाही सांगत. उत्तरेला एक डोंगररांग, दक्षिणेला दुसरी जास्त उंच, मध्ये सपाट हिरवी पट्टी आणि तिच्यातून पश्चिमेकडे जाणारी नदी. आपल्याकडे सातपुडा, सातमाळा आणि तापी, त्यांच्याकडे कोर्दियेरा सेप्तेन्त्रिओनाल, कोर्दियेरा सेन्त्राल आणि याके देल नोर्ते. फक्त आपला उंच डोंगर उत्तरेला, त्यांचा दक्षिणेला, म्हणजे आरशात बघितल्यासारखं. दक्षिणेच्या त्या रांगेत पिको दुआर्ते आहे, ३,००० मीटरच्या वर, सगळ्या कॅरिबियनमधलं सर्वात उंच शिखर. या खोऱ्याला सिबाओ म्हणतात आणि तिथली माणसं स्वतःला आधी सिबाओची म्हणवतात, मग डोमिनिकन, आपल्यासारखंच की.

तर पहिला रविवार शहरासाठी ठेव. सकाळी लवकर मॉन्युमेंटला जा, टेकडीवर आहे, जवळपास ७० मीटर उंच पांढरा खांब, कुठूनही दिसतो, आम्ही रस्ता चुकलो की त्याच्याकडे बघूनच घरी यायचो. आत वेला झानेत्ती नावाच्या स्पॅनिश चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. मग खाली काये देल सोल या बाजाररस्त्याने चालत कॅथेड्रलपर्यंत, पुढे नदीकाठी सान लुईस किल्ला. किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यांना गढीच वाटेल, फार अपेक्षा ठेवू नको, पण तिथून नदी छान दिसते. नदीत उतरू नको मात्र, शहरात तिची हालत आपल्या नद्यांसारखीच आहे.

दुपारी सेंत्रो लेओन. २००३ मध्ये सुरू झालेलं म्युझियम आहे, सिगारवाल्या लेओन हिमेनेस घराण्याचं. यांचा ला आउरोरा हा सिगारचा कारखाना १९०३ पासूनचा. तिथे सिगार वळताना बघायला मिळतं. मी एका बाईसमोर अर्धा तास उभी होते. आतला भुगा नाही बरं का, अख्खी पानं दुमडून भरतात, त्यावर बांधणीचं एक पान, आणि मग सगळ्यात बाहेरचं पान, ते पातळ आणि डागाशिवाय, ते ती बाई चंद्रकोरीसारख्या पात्याने कापायची आणि तिरकं तिरकं गुंडाळत न्यायची, शेवटी टोकाला थोडा डिंक. माझी आजी तेंदूच्या पानाच्या बिड्या वळायची, तिची बोटं अशीच चालायची. मी त्या बाईला मोबाइलवर बिडीचा फोटो दाखवला तर ती एवढी हसली, तिला वाटलं आम्ही सिगारची पिल्लं ओढतो.

जेवणाचं टेन्शन नको. सकाळी मांगू खा. कच्ची केळी, म्हणजे आपली भाजीची मोठी केळी, उकडून बटर घालून घोटतात आणि वर व्हिनेगरमधला लाल कांदा. आपण बडगीत वांगं ठेचतो ना, तसंच काम, फक्त तिखटाचा पत्ता नाही. त्याच्याबरोबर सलामी, तळलेलं चीज आणि अंडं देतात, तू नुसतं चीज सांग. घरून मिरचीचा ठेचा ने, एवढंच सांगेन.

भरीत_पार्टी

ताई बिना मिरचीचं भरीत म्हणजे काय भो, ही तर शिक्षा झाली. कळण्याची भाकरी मिळते का पण?

सावद्याची_लेक

कळण्याची नाही पण कासाबे मिळतं, कसाव्याच्या कंदाची पातळ कडक भाकरी, कोलंबसच्या आधीपासून तिथले ताइनो लोक करायचे तीच. सान्तियागोच्या पश्चिमेला मोन्सिओन गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. कोरडी लागते, ठेच्याबरोबर मस्त.

फारुकी_ते_पेशवे

ताईंनी छान लिहिलंय, इतिहासाची बाजू मी थोडी लावतो, माझा विषय खान्देशचा आहे पण या शहराबद्दल बरंच वाचलंय, कारण ते पडून पुन्हा पुन्हा उठून उभं राहिलंय.

सुरुवात १४९५ च्या सुमारास, कोलंबसच्या माणसांनी खोऱ्यात एक छोटी गढी बांधली. लक्षात घ्या, तेव्हा आपल्याकडे बुऱ्हाणपूरला खान्देशच्या फारुकी सुलतानांपैकी दुसरा आदिलखान गादीवर होता. म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्या सान्तियागोंमध्ये हे सर्वात जुनं, चिलीचं १५४१ चं, त्यामुळे खरं तर नक्कल त्यांनी केलीय आणि तुमचा तिकीटवाला मूळ सोडून नकलेकडे चालला होता. ‘काबायेरोस’ म्हणजे घोडेस्वार सरदार, तीस सरदार इथे येऊन वसले म्हणून हे नाव अशी परंपरा सांगतात. १५०४ मध्ये गाव जवळच्या हाकाग्वाला हललं, आणि २ डिसेंबर १५६२ ला भूकंपात ते जमीनदोस्त झालं. उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्यालगत जमिनीत मोठी भेग आहे, फॉल्ट म्हणतात तो, अजून जिवंत आहे. त्यानंतर लोकांनी गाव उचललं ते याकेच्या काठावर, आजच्या जागी.

पुढे १८०५ मध्ये हैतीच्या फौजेने कत्तल केली, १८४२ मध्ये पुन्हा भूकंप. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना नवीन वाटेल, हा देश २७ फेब्रुवारी १८४४ ला स्वतंत्र झाला तो स्पेनपासून नाही, शेजारच्या हैतीपासून. महिन्याभरात हैतीचं सैन्य चालून आलं आणि ३० मार्चला सान्तियागोलाच लढाई झाली. त्यात डोंगराकडच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी कोयते घेऊन हल्ला चढवला, त्यांना ‘आंदुयेरोस’ म्हणतात. आंदुयो म्हणजे तंबाखूची पानं ताडाच्या सालपटात दाबून, दोरीने आवळून आवळून केलेली सोट्यासारखी लांब वळी.

एवढं करून १८६१ मध्ये त्यांच्याच अध्यक्षाने, सान्ताना त्याचं नाव, देश परत स्पेनच्या हवाली केला! मग १८६३ च्या ऑगस्टमध्ये उठाव, सप्टेंबरमध्ये सान्तियागोत लढाई आणि त्यात शहर जळून खाक. त्याच राखेत १४ सप्टेंबरला बंडखोरांचं सरकार बसलं. १८६५ मध्ये स्पॅनिश गेले. ताईंनी सांगितलेलं कॅथेड्रल त्यानंतरचं, १८६८ ते १८९५. आत लिलीस या टोपणनावाच्या हुकूमशहाची, म्हणजे उलिसेस उरोची कबर आहे, त्याला १८९९ मध्ये जवळच्या मोका गावात गोळ्या घातल्या. त्याच्याच काळात सान्तियागो ते पुएर्तो प्लाता रेल्वे झाली, १८९७ मध्ये, तंबाखू बंदरावर न्यायला. तो तंबाखू जर्मनीला जायचा, हॅम्बर्ग-ब्रेमेनला, आणि तिकडून येताना अकॉर्डियन आली, म्हणून तिथल्या मेरेंगे संगीतात आपल्या पेटीची चुलत बहीण वाजते. भुसावळकरांना रेल्वेचं सांगायलाच हवं म्हणून लिहिलं, आता ती चालू नाही.

आणि तो मॉन्युमेंट. नाव ‘पुनःस्थापनेच्या वीरांचा’, म्हणजे १८६३ वाल्यांचा, पण बांधायला घेतला १९४४ मध्ये त्रुहियो या हुकूमशहाने, स्वतःच्या नावाने, ‘त्रुहियोची शांती’. गड्याने राजधानीला आपलं नाव दिलं होतं आणि पिको दुआर्तेलाही. ३० मे १९६१ ला त्याला मारलं, मग पाट्या बदलल्या.

सावद्याची_लेक

दादा त्रुहियोचं लिहिलंत तर मिराबाल बहिणींचं कसं राहिलं? पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा. मिनेर्वा आणि मारिया तेरेसाचे नवरे पुएर्तो प्लाताच्या तुरुंगात होते, त्यांना भेटून परत येताना २५ नोव्हेंबर १९६० ला त्रुहियोच्या माणसांनी डोंगरातल्या रस्त्यावर गाडी अडवली आणि तिघींना आणि ड्रायव्हरला ठार मारलं, वर अपघात दाखवायला गाडी दरीत ढकलली. २५ नोव्हेंबरचा महिलांवरील हिंसाचारविरोधी दिवस असतो ना, शाळेत कार्यक्रम होतात बघा, तो यांच्यामुळे. साल्सेदोला त्यांचं घर म्युझियम म्हणून ठेवलंय, सान्तियागोहून दिवसात जाऊन येता येतं. मारियाची वेणी आहे तिथे जपून ठेवलेली. मी दोनदा गेले, दुसऱ्यांदा आईला घेऊन.

फारुकी_ते_पेशवे

बरोबर आहे ताई, राहिलं ते, चूक मान्य.

केळीवाला_रावेर

रामराम. इतिहास बठ्ठा बराबर शे, पण पोराला कामाचं कोणी सांगेना. भाऊ, तुझी बाग शहरात नसणार, ती पश्चिमेला माओ आणि मोन्ते क्रिस्तीकडे असणार. सान्तियागो म्हणजे उंबरठा समज. त्याच्या पूर्वेचं पाणी दुसऱ्या नदीत जातं आणि तिकडे पाऊस चांगला, पश्चिमेला जसजसा जाशील तसं कोरडं होत जातं, शेवटी निवडुंग. आणि केळी कुठे? त्या कोरड्या भागात, कालव्याच्या पाण्यावर! आपल्यासारखंच ना. शहराच्या वर तावेरा धरण आहे १९७० च्या दशकातलं, आपलं हतनूर समज.

कोरडं का बरं, तर हवा कोरडी म्हणजे पानांवरचा करपा रोग कमी. करपा कमी म्हणजे फवारणी कमी, म्हणून त्यांना सेंद्रिय केळी जमते आणि ती युरोपला जाते, सेंद्रिय केळीच्या निर्यातीत तो एवढासा देश जगात वरच्या नंबरात आहे. आपल्याकडे ग्रँड नैन लावतो त्याच कॅव्हेंडिश घराण्याची केळी, मग आपण दिल्लीच्या वॅगनची वाट बघत का बसायचं? हे मी दहा वर्षं विचारतोय. त्यांचं दुखणं वेगळं, याके चढली की बागेत पाणी आणि चक्रीवादळ आलं की खांब आडवे. वाऱ्याचं आपल्यालाही माहीत आहे, मे महिन्यात अर्ध्या तासात माझी दोन एकर झोपली होती, घड निसवलेले, नुसतं बघत उभा राहिलो बांधावर.

तर दुसरा रविवार माओकडे जा, बीच राहू दे.

तापीकाठचा_भुसावळकर

अरे वा, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, दादा, काका सगळ्यांना धन्यवाद. पहिला रविवार शहर, दुसऱ्यासाठी साल्सेदो की माओ यात अडकलोय, माओला कामासाठी जाणारच आहे तर साल्सेदोच करतो बहुतेक. उन्हाचं काय पण? आणि संध्याकाळी करायला काही?

सावद्याची_लेक

ऊन आपल्यापुढे काहीच नाही, ३३-३४ झालं की ते हाशहुश करतात, आपण ४५ वाले. दमट मात्र आहे, सुती कपडे ने. हिवाळ्यात असशील तर संध्याकाळी बेसबॉलला जा, आगिलास सिबाएन्यास ही तिथली टीम, पिवळा शर्ट, मॅच समजली नाही तरी चालेल, बायाबापड्या सुद्धा पातेली वाजवतात. फेब्रुवारी असेल तर दर रविवारी कार्निव्हल, डुकराच्या तोंडाचे शिंगवाले मुखवटे घालून चाबूक फटकारत नाचतात, लेचोनेस म्हणतात त्यांना, आपल्या भोवाड्यातल्या सोंगांची आठवण येईल. ला होया आणि लोस पेपिनेस या दोन मोहल्ल्यांचे मुखवटे वेगळे आणि कोणाचे भारी यावरून भांडणं. चाबकापासून लांब उभा राहा, माझ्या नवऱ्याच्या पोटरीवर बसला होता.

आणि नवीन तिकिटावर एसटीआय लिहिलंय का बघून घे, तोच सान्तियागोच्या विमानतळाचा कोड. एससीएल दिसलं की परत चिली.

भरीत_पार्टी

एसटीआय म्हणजे आपली एसटीच की, भुसावळ स्टँडवरून सुटते का विचार 😂

केळीवाला_रावेर

मस्करी राहू द्या. भाऊ, येताना एक काम कर. तिकडे घडाला पिशवी कधी चढवतात, फण्या उमलायच्या आधी की नंतर, आणि खालच्या किती फण्या काढून टाकतात, ते एखाद्या मजुरालाच विचार, मालकाला नको. आणि कापलेला घड पॅकिंगपर्यंत कशाने नेतात त्याचा एक व्हिडिओ काढ, लांबून नको, जवळून.