जपानीतला 'अमुरा': अर्थ, घडण आणि मराठीत लिंग कोणतं?

प्रश्न:
नव्वदच्या दशकातल्या जपानी फॅशनवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'अमुरा' हा शब्द सारखा येतो. गायिका अमुरो नामिएच्या नावावरून आलाय एवढं कळतं. 'अमुरोची चाहती' लिहिलं तर चालेल का?

उत्तर:
'चाहती' नको. गाणी ऐकणारी, भिंतीवर पोस्टर लावणारी ती चाहती. अमुरा म्हणजे तिच्यासारखा पेहराव करून रस्त्यावर उतरणारी. तपकिरी रंगवलेले लांब केस, बारीक कोरलेल्या भुवया, आखूड स्कर्ट, जाड तळाचे उंच बूट. एवढं जमलं की मुलगी अमुरा झाली, मग घरी अमुरोची एकही सीडी नसेना का. अमुरो ओकिनावातल्या नाहाची, जन्म १९७७चा. कोमुरो तेत्सुयाच्या संगीतावर तिची गाणी गाजू लागली तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. टोकियोतल्या शिबुया भागात हिंडणाऱ्या शाळकरी मुलींहून फार मोठी नव्हे. १९९६मध्ये जपानच्या त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांत पहिल्या दहांत 'अमुरा' होता, आणि 'लूज सॉक्स' म्हणजे सैल, ढगळ मोजे, हाही.

घडण तर फारच सुंदर आहे. इंग्रजी 'सिंगर', 'डान्सर'मधला शेवटचा 'अर', म्हणजे 'करणारा', जपानीत दीर्घ 'आ' होतो. शनेल या ब्रँडचं जपानी रूप 'शानेरु', म्हणून नखशिखांत तेच घालणारी ती 'शानेरा'. इथला 'र' मूळ नावातलाच, कारण जपानीत ल आणि र वेगळे नाहीत. अमुरोतलाही 'र' नावाचाच. फक्त शेवटचा 'ओ' जाऊन 'आ' आला. पण बोलणाऱ्यांनी अख्खा 'रा' हाच प्रत्यय धरला. त्यामुळे सगळ्या पदार्थांवर मेयोनीज घालणारा माणूस 'मायोरा' झाला, आणि 'मायो'त तर 'र' कुठेच नाही! भाषा कोणाला न विचारता स्वतःचं व्याकरण कसं रचते, ते इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं.

आणखी एक:
वरच्या उत्तरात भर. १९८०मध्ये गायिका मात्सुदा सेइको आली, तेव्हा तिच्यासारख्या केसांना 'सेइको-चान कट' म्हणू लागले, आपल्याकडे 'साधना कट' म्हणत तसंच. तिथे नाव केसांना मिळालं. १९९६मध्ये ते थेट मुलींना मिळालं. म्हणून 'अमुरो फॅशन' असंही करू नका. शब्द माणसाचा आहे, कपड्यांचा नाही.

प्रश्नकर्ती:
पटलं, 'अमुरा'च ठेवते. पण आकारान्त असल्यामुळे वाचणाऱ्याला पुल्लिंगी वाटणार नाही?

उत्तर:
'घोडा'च्या वळणाने नेलात तर वाटेल, अनेकवचनही 'अमुरे' होईल. 'भाषा', 'शाळा'च्या वळणाने न्या: ती अमुरा, त्या अमुरा, अमुरांचे बूट. एकवचनात मात्र 'अमुरेचे' लिहू नका, कानाला खटकतं. विशेषनामासारखं 'अमुराचे' ठेवा. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'अमुरोसारखा पेहराव करणारी मुलगी' एवढा खुलासा त्याच वाक्यात द्या, तळटीप नको. पुढे 'शानेरा' आलाच तर वाचक तो आपोआप ओळखेल.