द प्रेस्टीज: ते मशीन खरंच चालतं की तोपण झोलच? (स्पॉयलर आहेत)

कणकवलीचा_भाऊ

स्पॉयलर आहेत, पिक्चर बघितला नसेल तर इथूनच मागे फिरा, नंतर मला शिव्या घालू नका.

नोलनचा द प्रेस्टीज (२००६ चा, ह्यू जॅकमन आणि ख्रिश्चन बेल) एकदाचा पूर्ण बघितला. जुन्या लंडनमधले दोन जादूगार, एकाची (अँजियर, म्हणजे जॅकमन) बायको स्टेजवरच पाण्याच्या टाकीत बुडून मरते, हातांची गाठ दुसऱ्याने (बोर्डन, म्हणजे बेल) बांधलेली, म्हणून हा त्याच्यावर डूख धरतो आणि मग दोघं एकमेकांचा सत्यानाश करत सुटतात. बोर्डनचं कळलं, जुळे भाऊ, ठीक आहे. अँजियरचं काय ते डोक्यात बसेना. टेस्ला या शास्त्रज्ञाने त्याला बनवून दिलेलं ते मशीन खरोखर माणसाची कॉपी काढतं का? घरात दोन पार्ट्या पडल्यात, बायको म्हणते मशीन नुसतं कडकडाट करतं आणि बाकी सगळं डुप्लिकेट नटावर चाललंय, भाचा म्हणतो कॉपीच निघते. आणि निघत असेल तर रोज प्रयोगाला एक अँजियर बाल्कनीत उगवतो आणि दुसरा स्टेजखालच्या टाकीत मरतो तो कोण, ओरिजिनल का कॉपी?

आणि माझी मेन तक्रार ही की सव्वादोन तास हातचलाखीचा पिक्चर म्हणून बसवायचं आणि शेवटाला सायन्स फिक्शन बाहेर काढायचं, ही चीटिंग नाही का?

माडाखालचा_वाचक

मशीन चालतं. वहिनींची थिअरी मी पण वाचलीय पण मग जंगलात पडलेल्या ढीगभर सारख्या टोप्यांचं काय? आणि दोन काळ्या मांजरांचं? तोच तर पुरावा आहे, टेस्लाला वाटतं मशीन बंद पडलंय कारण टोपी जागची हलत नाही, आणि बाहेर बघतात तर टोप्यांचा खच. म्हणजे मशीनमधली वस्तू मशीनमध्येच राहते आणि नवीन लांबवर तयार होते. या हिशोबाने बघितलं तर ओरिजिनल अँजियर पहिल्याच प्रयोगाला टाकीत गेला. पण गंमत अशी की बाल्कनीत उगवलेल्यालाही सगळं आठवतंय, त्याच्या मते तोच ओरिजिनल. शेवटी अँजियर स्वतःच बोलतो ना, रोज मशीनमध्ये चढताना माहीत नसायचं की आज आपण टाकीतले का टाळ्या घेणारे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेही नाही.

परत एकदा बघा आणि या वेळी बोर्डनच्या बायकोकडे, साराकडे लक्ष ठेवा. तिला कळतं नवरा कुठल्या दिवशी खरं प्रेम करतो आणि कुठल्या दिवशी नाही. तुटलेल्या बोटांची जखम ती बांधते तेव्हा म्हणते की ही परत ताजी कशी झाली. आपण तो सीन बघतो आणि सोडून देतो! कटर (अँजियरसाठी जादूची यंत्रं बनवणारा) तर पहिल्या फटक्यात सांगतो की बोर्डन डुप्लिकेट वापरतो, बाकी काही नाही. आणि पक्षी गायब करायच्या खेळात त्या पोराने विचारलेलं आठवतंय का, पक्ष्याचा पिंजरा सपाट झाल्यावर दुसरा पक्षी बाहेर काढला तर ते रडत विचारतं की याचा भाऊ कुठाय. अख्खा पिक्चर तिथेच सांगून टाकलाय.

तात्यांची_गजाल

माका तरी मशीनचो प्रकार पटलो नाय. भावांचा काय ता फक्कड जमवल्यान, पण मशीन इला आणि मजा गेली. जादूगारान जादू करूक व्हयी, झेरॉक्स नाय.

रंगपटातला

तात्या, झेरॉक्स 😂

मी मशीनचं नाही, दुसरंच सांगतो. आमच्याकडे जत्रेला ट्रिकसीनवाला दशावतार असतो तेव्हा मी मागे असतो, धूर सोडायला, दोऱ्या ओढायला, पडेल ते काम (कंपनीचं नाव नको). एका नाटकात राक्षस धुरात गायब होतो आणि लगेच पब्लिकच्या मागून आरोळी ठोकत येतो. आता गावात शेंबड्या पोराला पण माहितीये की माणसं दोन आहेत, मुखवटा सारखा, कपडे सारखे. एकदा मागून येणाऱ्याच्या पायात चाळ राहून गेले आणि स्टेजवरच्याच्या पायात नव्हते, पुढे बसलेल्या पोरांनी बोंब मारली "दुसरो आसा, दुसरो आसा", तरी शिट्ट्या पडल्याच. पण त्या शिट्ट्या मागून येणाऱ्याला. जो गायब झाला तो रंगपटात घामाने निथळत पेटाऱ्यावर बसलेला असतो, त्याचं तोंड कोणी बघत नाही. एकाने तर सरळ सांगितलं होतं की पुढच्या प्रयोगाला मी मागून येणार, नाहीतर मी नाही.

म्हणून अँजियरचा तो सीन मला जाम लागला, मशीनच्या आधीचा, जेव्हा तो दारुड्या रूटला डुप्लिकेट म्हणून वापरतो. हा खाली गादीवर पडतो, वर रूटला टाळ्या, आणि हा स्टेजखाली अंधारात एकटाच वाकून वाकून प्रेक्षकांना नमस्कार करतो. पुढचं सगळं त्याने त्या टाळ्यांसाठीच केलं असं माझं मत आहे. बायकोचा बदला वगैरे निमित्त. बोर्डनचे भाऊ पाळ्या लावतात, म्हणून त्यांचं निभतं.

माडाखालचा_वाचक

हे भारी आहे. आणि अँजियरला मशीन मिळाल्यावर पण टाळ्या घेणारा आणि खाली पडणारा दोघंही तोच!

पोथीवाला_राजापूर

तात्यांशी असहमत. टेस्ला उगाच घुसवलेला नाही. १८९९ मध्ये तो खरोखर कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रयोगशाळा टाकून बसला होता आणि तिथल्या विजेच्या लोळांनी लोक हबकले होते. त्याचा एक फोटो तुम्ही शंभर टक्के बघितलाय, डोक्यावर विजा कडाडतायत आणि हा खाली खुर्चीत शांत बसलाय. तो फोटो डबल एक्स्पोजर आहे! विजा वेगळ्या घेतल्या, माणूस वेगळा घेतला, एकाच काचेवर. फोटोग्राफरचं नाव डिकन्सन अ‍ॅली. आणि पिक्चरमध्ये डेव्हिड बोवीच्या टेस्लाचा असिस्टंट कोण? मिस्टर अ‍ॅली. खऱ्या अ‍ॅलीने एका प्लेटवर दोन वेळा जोडून चमत्कार दाखवला आणि पिक्चरमधल्या अ‍ॅलीसमोर एका टोपीच्या पन्नास होतात, नाव मुद्दाम ठेवलंय का ते नोलनला माहीत.

तो म्हातारा चिनी जादूगार पण आठवा, माशांचं भांडं मांड्यांत धरून चालणारा, आयुष्यभर लंगडेपणाचं सोंग करणारा. चुंग लिंग सू या नावाचा जादूगार खरा होता पण चिनी नव्हता, विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन. स्टेजवर इंग्रजी बोलायचाच नाही. १९१८ मध्ये लंडनच्या वूड ग्रीन एम्पायर थिएटरमध्ये बंदुकीची गोळी झेलायचा खेळ करताना खरी गोळी लागून मेला. बंदुकीत गज ठेवायची जी नळी असते त्यातली दारू पेटायची आणि गोळी मुख्य नळीत तशीच राहायची अशी सोय केलेली, पण वापरून वापरून दारूची पूड आत झिरपत गेली आणि त्या रात्री मुख्य नळीच उडाली. गोळी लागल्यावर तो इंग्रजीत बोलला, पडदा टाका म्हणून.

दांडीवरून

आमचं घर किनाऱ्यालाच, घरात मासेमारी. कटर अँजियरला बायको गेल्यावर जी खलाशाची गोष्ट सांगतो ना, बुडालो तेव्हा घरी गेल्यासारखं वाटलं वगैरे, तिथेच मी म्हटलं हा थापा मारतोय. ज्याच्या नाकातोंडात एकदा खारं पाणी गेलंय तो असलं बोलणार नाही. आणि शेवटी कटर कबूल करतोच की खलाशी यातनेबद्दल बोलला होता. ते तो कधी सांगतो बघा, अँजियर इतक्या वेळा टाकीत मेल्यावर. पूर्ण पिक्चरमधली सगळ्यात दुष्ट गोष्ट मला ती वाटली, मशीन बिशिन सोडा.

कणकवलीचा_भाऊ

हे लक्षातच नव्हतं आलं राव. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते कटर बरोबरच वागला, मी असते तर आधीच सांगितलं असतं. टोप्यांवर तिचं म्हणणं असं की टोप्या विकत मिळतात, मांजरंपण मिळतात. आता काय बोलणार.

बाकी पोथीवाले, ती टाकी त्या काळात होती का? भाचा विचारतोय.

पोथीवाला_राजापूर

तशी टाकी गाजवली हूडिनीने, उलटा लटकून, बर्लिनला १९१२ मध्ये. पिक्चर त्याच्या बराच आधीचा काळ दाखवतो, तेवढी सूट घेतलीय. भाच्याला सांगा हूडिनी टाकीत मेला असं कोणी म्हटलं तर ऐकू नको, तो १९२६ मध्ये अपेंडिक्स फुटून गेला.

तात्यांची_गजाल

वैनींचा बरोबर आसा. मांजरा आमच्या पडवीत मशीनशिवाय दोनाची सात जातत.